अजिंक्य लिऑनला भिडण्याआधी: नव्या ट्रेनरची तयारी

सुटी लागली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मुलं पोकेमॉनचा गेम खेळायला जमतात आणि त्यांची तक्रार ठरलेली असते. ‘काकू, आठही बॅज मिळाले, सिंडरेस ७० लेव्हलला नेला, तरी लिऑन हरवतोच.’ मी एवढंच विचारते, ‘बाकीचे पाच कितीवर आहेत?’ मग कळतं, कुणी ५२ वर, कुणी ४८ वर, एकाला तर कालच पकडून आणलेलं.

हा लेख अशाच नव्या खेळाडूंसाठी आहे. पोकेमॉन सोर्ड आणि पोकेमॉन शील्ड हे जोडगेम निन्टेंडो स्विचवर १५ नोव्हेंबर २०१९ रोजी आले. खेळाडू, म्हणजे ट्रेनर, पोकेमॉन नावाचे प्राणी पकडतो, वाढवतो आणि सहांचा संघ घेऊन लढतो; वाटेतल्या मोठ्या लढती जिंकल्या की बॅज, म्हणजे बिल्ले, मिळतात. त्यातल्या गॅलार प्रदेशाचा चॅम्पियन म्हणजे लिऑन. वयाच्या दहाव्या वर्षी तो चॅम्पियन झाला आणि तेव्हापासून एकही अधिकृत लढत हरलेला नाही, असं कथेत सांगितलं आहे. कथेचा सगळा रोख त्याच्यापर्यंत पोहोचण्यावर आहे. एकाच लाडक्या पोकेमॉनच्या जिवावर मात्र त्याच्यापुढे निभाव लागत नाही, आणि गेम बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं रचलं आहे. सहाही जण तयार असतील तर हीच लढत पहिल्याच फटक्यात जिंकता येते. ती तयारी कशी करायची, ते आता क्रमाने सांगते.

सुरू करण्याआधी: प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल

या गेममध्ये एका प्रोफाइलला एकच खेळ साठवता येतो. घरात चुलत-मावस भावंडं मिळून एकच स्विच वापरत असतील, तर प्रत्येकाने यंत्रावर स्वतःच्या नावाचं प्रोफाइल आधी बनवावं. नाहीतर कुणीतरी नवा खेळ सुरू करण्यासाठी साठवलेला खेळ पुसून टाकतं आणि दुसऱ्याची महिनाभराची मेहनत जाते. ही पाच मिनिटांची व्यवस्था आहे, पण तिच्यावाचून पुढचं काहीच सुरू करू नका.

गेम मराठीत किंवा हिंदीत नाही, त्यामुळे बहुतेक मुलं तो इंग्रजीत खेळतात. लढाईतले शब्द सारखे समोर येऊन आठवड्याभरात ओळखीचे होतात, त्याची काळजी नको. कथेतले लांब संवाद मात्र लहान मुलांबरोबर बसून कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावेत. पुढे कुठे जायचं, हे त्यातच सांगितलेलं असतं.

पायरी १: लिऑनकडे काय आहे, ते आधी पाहा

आमच्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात एक प्रचंड दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने तो उचलल्याचं त्यावर कोरलेलं आहे, आणि वजन १२०० किलो सांगतात. मुलांना तो दाखवायला नेलं की हमखास प्रश्न येतो, ‘गामाला कुणीच कसं हरवलं नाही?’ मग मी त्यांना १९१० सालची लंडनची कुस्ती सांगते. पोलंडचा झ्बिश्को गामाचा जोर ओळखून होता. अंगावर धावून न जाता तो अडीच तासांहून जास्त वेळ गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. जिंकला नाही, पण हरलाही नाही, कारण समोर कोण आहे हे ओळखून तो उतरला होता. आपणही आधी तेवढं करू.

शेवटच्या लढतीत लिऑनचे सहा पोकेमॉन ६२ ते ६५ लेव्हलचे असतात. सुरुवात एजिस्लॅशने होते. त्याच्यामागे ड्रॅगापल्ट आणि हॅक्सोरस आहेत, आणि शेवटी येतो ६५ लेव्हलचा चॅरिझार्ड. हे चौघं सगळ्यांच्याच खेळात असतात. उरलेल्या दोन जागा तुम्ही सुरुवातीला कोणता पोकेमॉन निवडलात, त्यावर बदलतात.

गोम इथेच आहे. पोस्टविक गावात लिऑन तुमच्यापुढे तीन पिल्लं ठेवतो: ग्रास प्रकारचा ग्रूकी (मोठेपणी रिलाबूम), फायर प्रकारचा स्कॉरबनी (मोठेपणी सिंडरेस) आणि वॉटर प्रकारचा सॉबल (मोठेपणी इंटेलिऑन). तुम्ही एक घेता. तुमचा मित्र हॉप तुमच्यापुढे कच्चा पडणारा घेतो. तिसरा लिऑनकडे राहतो, आणि तो नेमका तुमच्यावर भारी पडणारा असतो. म्हणजे तुमच्याकडे सिंडरेस असेल तर लिऑनकडे पाण्याचा इंटेलिऑन, तुमच्याकडे रिलाबूम असेल तर त्याच्याकडे सिंडरेस, आणि तुमच्याकडे इंटेलिऑन असेल तर त्याच्याकडे रिलाबूम. ज्या लाडक्यावर सगळी मदार ठेवली, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून लिऑनच्या खिशात असतं. म्हणून ७० चा सिंडरेस एकटा पुरत नाही.

पायरी २: टाइपचा तक्ता, पण सगळा नको

टाइप म्हणजे प्रकार. तो पोकेमॉनला असतो, तसाच त्याच्या प्रत्येक मूव्हला, म्हणजे लढाईतल्या डावालाही असतो. एकूण १८ टाइप आहेत. नव्या मुलाला सगळा तक्ता पाठ करायला लावला तर त्याची गोडीच जाते. वहीच्या एका पानावर फक्त लिऑनपुरत्या ओळी लिहा.

एजिस्लॅश हा स्टील आणि घोस्ट. त्याच्यावर फायर, ग्राउंड, घोस्ट आणि डार्क चालतात.
ड्रॅगापल्ट हा ड्रॅगन आणि घोस्ट. त्याच्यावर आइस, फेअरी, डार्क, घोस्ट आणि ड्रॅगन चालतात.
हॅक्सोरस निव्वळ ड्रॅगन. त्याच्यावर आइस, फेअरी आणि ड्रॅगन.
चॅरिझार्ड फायर आणि फ्लाइंग. वॉटर आणि इलेक्ट्रिक दुप्पट लागतात, पण रॉक लागतो चौपट.

ही चारच वाक्यं, आणि पाचवी ओळ लिऑनकडे राहिलेल्या तिसऱ्या पिल्लाची. आता हे पान समोर ठेवून पाहा. डार्क दोघांना लागतो, फेअरी दोघांना लागतो, आणि चॅरिझार्डसाठी दगड हवा. अर्धा संघ इथेच ठरला.

आणखी एक लक्षात ठेवा. पोकेमॉनचा स्वतःचा टाइप आणि मूव्हचा टाइप एकच असेल तर मार दीडपट बसतो. रॉक टाइपच्या पोकेमॉनने मारलेली रॉक मूव्ह आणि दुसऱ्या कुणी मारलेली तीच मूव्ह, यात हा फरक पडतो. एखाद्या जातीशी तुम्ही आधी लढलेले असाल, तर मूव्ह निवडतानाच ती कितपत परिणामकारक आहे हे गेम दाखवतो. मुलांना ती पट्टी वाचायची सवय लावा. घाईत पहिलीच मूव्ह दाबायची खोड बहुतेकांना असते.

पायरी ३: संघ निवडा

मी सुचवते ते पोकेमॉन सोर्ड आणि शील्ड दोन्हींत मिळतात, त्यामुळे कुणाचं अडणार नाही.

पहिला कोलॉसल. रोलीकोली नावाचं कोळशाचं छोटं पिल्लू गॅलार माइन या खाणीत, अगदी सुरुवातीलाच भेटतं. १८ लेव्हलला त्याचा कारकोल होतो, ३४ ला कोलॉसल. ३१० किलोंचा हा डोंगर रॉक आणि फायर या दोन टाइपचा आहे. आग त्याला पाव लागते, फ्लाइंग मूव्ह निम्मी लागते, आणि त्याच्या रॉक मूव्ह चॅरिझार्डला चौपट लागतात. शिवाय फायर असल्यामुळे पहिल्या एजिस्लॅशवरही तो चालतो. पण पाणी आणि ग्राउंड त्याला चौपट लागतात, हे विसरू नका. तशी मूव्ह येणार असं वाटलं की त्याला आत घ्या.

दुसरा ग्रिमस्नार्ल, डार्क आणि फेअरी. ग्लिमवुड टँगल या चमकत्या छत्र्यांच्या अंधाऱ्या रानात इम्पिडिम्प पकडा. ३२ ला त्याचा मॉर्ग्रेम होतो आणि ४२ ला ग्रिमस्नार्ल. ड्रॅगापल्टसमोर याच्याइतका चोख पोकेमॉन मला दुसरा माहीत नाही. ड्रॅगापल्टच्या ड्रॅगन मूव्हचा फेअरीवर काहीच परिणाम होत नाही आणि घोस्ट मूव्ह डार्कवर निम्मीच लागते. उलट ग्रिमस्नार्लच्या डार्क आणि फेअरी, दोन्ही मूव्ह ड्रॅगापल्टला दुप्पट लागतात. हॅक्सोरसच्या ड्रॅगन मूव्हही त्याच्यापुढे फुकट जातात. स्टील आणि पॉयझनपासून तेवढं त्याला जपायचं. म्हणूनच एजिस्लॅशसमोर डार्क असूनही मी त्याला उतरवत नाही.

तिसरा कॉर्विनाइट. पहिल्याच रस्त्यावर, रूट १ वर, रूकीडी नावाचा छोटा पक्षी मिळतो. १८ ला तो कॉर्विस्क्वायर होतो आणि ३८ ला पोलादी पंखांचा कॉर्विनाइट. उडणारा असल्यामुळे ग्राउंड मूव्ह त्याला लागतच नाहीत, आणि स्टील असल्यामुळे ड्रॅगन मूव्ह निम्म्यावर येतात. कोलॉसलवर ग्राउंडची पाळी आली की त्याच्या जागी याला उतरवायचं.

चौथा गॅराडोस. रूट २ वर गळ टाकलात की मॅजिकार्प हमखास लागतो. २० लेव्हलपर्यंत तो बिचारा काही कामाचा नसतो, पुढे गॅराडोस होतो. पाण्याचा मारा त्याच्याकडे आहेच, शिवाय आइस फँग शिकला की ड्रॅगनांवरही चालतो. फक्त विजेपुढे त्याला उभं करू नका, चौपट लागते.

पाचवा तुमचा सुरुवातीचा लाडका. त्याला सोडायची काहीच गरज नाही, एकट्यावर सोपवायचं नाही एवढंच.

सहावी जागा तुमच्या आवडीची. गेम सहाच्या सहा जागा हिशोबानेच भरायला लावत नाही, आणि मुलांनीही तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडच्या एका मुलीने तांब्याच्या रंगाचा हत्ती, कॉपराजा, केवळ तो हत्ती आहे म्हणून घेतला आणि शेवटपर्यंत ठेवला. संघात ग्रास किंवा इलेक्ट्रिक कुणीच नसेल, तर त्यांच्यातला आवडता निवडला तर सोन्याहून पिवळं.

सोर्ड आणि शील्डमध्ये काही जाती एकातच मिळतात. मांजलपूरच्या मित्राकडे दुसरा गेम असेल तर दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून अदलाबदल करता येते, त्याला इंटरनेटचं सशुल्क सदस्यत्व लागत नाही. अदलाबदलीत आलेल्या पोकेमॉनला अनुभवही दीडपट मिळतो. मात्र तुमच्याकडे पुरेसे बॅज नसतील तर मोठ्या लेव्हलचा पाहुणा तुमचं ऐकत नाही.

पायरी ४: सहाही जणांना वाढवा

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथेच बहुतेक मुलं चुकतात.

या गेममध्ये अनुभवाचे गुण सगळ्या संघात वाटले जातात आणि ही सोय बंद करता येत नाही. त्यामुळे ‘सगळे आपोआप वाढतात’ असं वाटतं. पण लढलेल्याला पूर्ण गुण मिळतात, आणि बाजूला बसलेल्याला निम्मे. प्रत्येक लढाई एकाच सिंडरेसने जिंकलीत तर तो पुढे पळतो आणि दरी रुंदावत जाते. उपाय साधा आहे. यादीत सर्वांत वर जो असेल तो लढाईत पहिला उतरतो, म्हणून दर काही लढायांनी सर्वांत मागे पडलेल्याला वर आणून ठेवा. आमच्या मुलांचा नियम आहे की गावात शिरलं की क्रम बदलायचा. गाव आलं की आठवण होतेच.

वाइल्ड एरिया हे मोकळं रान कथेत लवकरच उघडतं. तिथे फार मोठ्या लेव्हलचे पोकेमॉनही मोकाट फिरतात. बॅज नसताना २० लेव्हलच्या वरचा पोकेमॉन पकडता येत नाही, आणि पुढे प्रत्येक बॅजमागे ही मर्यादा ५ ने वाढते. आठ बॅज झाले की कोणताही पकडता येतो. मोठा आडदांड प्राणी दिसला म्हणून बॉल फेकत बसू नका, मर्यादेपलीकडच्यावर बॉल टाकताच येत नाही.

रानात दगडी बिळांतून लाल झोत निघताना दिसतील. तिथे मॅक्स रेड ही लढाई होते, चार ट्रेनर मिळून एका महाकाय पोकेमॉनशी. जोडीदार नसतील तर गेम स्वतःच तिघं देतो. दहा पाळ्यांत काम झालं नाही किंवा आपल्या बाजूचे मिळून चार वेळा बेशुद्ध पडले, तर बाहेर काढतात. सुरुवातीला एक-दोन ताऱ्यांच्या लढायाच घ्या. जिंकलात की बक्षिसात अनुभवाचे गुण देणाऱ्या एक्स्प कँडी मिळतात. सर्वांत छोटी १०० गुणांची, त्यावरची ८००, मग ३,०००, १०,००० आणि सर्वांत मोठी ३०,००० गुणांची. लिऑनची तयारी इथे होते.

कँडी कुणाला द्यायच्या? मुलं त्या लाडक्याला देतात, मी म्हणते सर्वांत खालच्याला द्या. शेवटच्या लढतीला जाताना सहाही जण ६० च्या पुढे आणि एकमेकांपासून तीन-चार लेव्हलच्या आत असावेत. ७० चा एक आणि ५० चे पाच असण्यापेक्षा ६३ चे सहा कितीतरी बरे.

रानात असताना जखमी संघाला घेऊन गावात परत पळायची गरज नसते. कॅम्प टाका आणि करी करा. बेरी आणि एखादा मुख्य जिन्नस घालून आधी पंख्याने जाळ वाढवायचा, मग ढवळायचं. जाळ एकदम भडकला की करी करपते, आणि ढवळताना घाई केली की सांडते. घरी भाजी परतताना आईला पाहिलेल्या मुलांना हे पटकन जमतं. सर्वांत उत्तम करीच्या दर्जालाही चॅरिझार्डचंच नाव आहे, आणि ती जमली तर संघ पुन्हा ताजातवाना होतो. कॅम्पमध्ये बॉल आणि पिसाच्या काडीने पोकेमॉनशी खेळलात तर त्यांचा जीव तुमच्यावर जडतो. असा लळा लागलेला पोकेमॉन कधीकधी मोठ्या माराखालीही शेवटच्या एका गुणावर तग धरतो. लिऑनसमोर तेवढ्याने सामना फिरू शकतो.

आयव्ही, ईव्ही, स्वभाव या पोकेमॉनच्या ताकदीच्या बारीक हिशोबांमागे पहिल्या वेळी लागू नका. माणसांशी स्पर्धा खेळायची असेल तेव्हा ते शिका.

पायरी ५: चार मूव्ह

प्रत्येकाला चारच मूव्ह येतात. स्वतःच्या टाइपची एक दमदार मूव्ह, दुसऱ्या टाइपच्या एक-दोन आणि गरज असेल तर एक मदतीची, एवढं पुष्कळ झालं. एकाच टाइपच्या तीन मूव्ह ठेवू नका. मूव्ह शिकवणाऱ्या वस्तूंपैकी टीएम कितीही वेळा वापरता येतात, टीआर एकदाच, म्हणून टीआर कुणाला द्यायचा ते ठरवून मगच वापरा.

कोलॉसलच्या मूव्हवर थोडा जास्त वेळ द्या. त्याला एक दणकट रॉक मूव्ह हवी, आणि एजिस्लॅशसाठी फ्लेमथ्रोअर. तिसरी स्टेल्थ रॉक, आणि माझ्या मते या लढतीतली ती सर्वांत मोलाची मूव्ह आहे. ती लेव्हल वाढताना आपोआप समोर येते. पण ‘मार शून्य’ असं दिसलं की मुलं ती नाकारून टाकतात. नाकारली असेल तरी हरकत नाही. कुठल्याही पोकेमॉन सेंटरमध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या दवाखान्यात, डाव्या बाजूच्या माणसाकडे गेलात की विसरलेली मूव्ह तो फुकट परत शिकवतो.

स्टेल्थ रॉक मारली की समोरच्या बाजूला हवेत टोकदार दगड तरंगत राहतात. त्यानंतर लिऑनचा जो पोकेमॉन मैदानात उतरेल त्याला उतरताक्षणी ते लागतात. ड्रॅगापल्ट, हॅक्सोरस यांचा आठवा हिस्सा जातो. चॅरिझार्डला रॉक चौपट लागतो, म्हणून त्याची निम्मी ताकद मैदानात पाय ठेवतानाच जाते. तुमची एक पाळी खर्ची पडते आणि चॅम्पियनचा हुकमी एक्का अर्धा होऊनच येतो.

पायरी ६: डायनामॅक्स राखून ठेवा

स्टेडियममध्ये एका लढतीत एकदाच, तीन पाळ्यांसाठी, एका पोकेमॉनला महाकाय करता येतं. त्यालाच डायनामॅक्स म्हणतात. त्यात त्याची जीवशक्ती दीडपट ते दुप्पट होते. किती होणार ते त्याच्या डायनामॅक्स लेव्हलवर ठरतं, आणि ती शून्यापासून दहापर्यंत असते. रेडमध्ये मिळणाऱ्या डायनामॅक्स कँडीने ती वाढते. माझा सल्ला: मिळतील त्या सगळ्या कोलॉसलला द्या.

लिऑन स्वतःचा डायनामॅक्स चॅरिझार्डसाठी राखून ठेवतो. त्याच्या चॅरिझार्डचं रूपही वेगळं असतं, जायगँटामॅक्स, आगीच्या पंखांचं. त्याची जी-मॅक्स वाइल्डफायर ही मूव्ह बसली की फायर नसलेल्या पोकेमॉनला पुढच्या चार पाळ्या आग लागतच राहते. कोलॉसल स्वतः फायर असल्याने त्या धगीतून सुटतो. पण तो फक्त आगच टाकेल असं समजू नका. त्याच्याकडे रॉक आणि ग्रासचीही मूव्ह आहे. त्यामुळे नुसता गॅराडोस किंवा इंटेलिऑन पुढे करून पाण्याने सगळं विझेल या भ्रमात राहू नका.

नवा खेळाडू हॅक्सोरसला घाबरून मध्येच डायनामॅक्स वापरतो, आणि शेवटी चॅरिझार्ड मोठा होतो तेव्हा त्याच्याकडे काहीच उरत नाही. मनगटावरचा पट्टा चमकत राहील, बटण खुणावत राहील, तरी सहावा उतरेपर्यंत हात आवरा.

पायरी ७: प्रत्यक्ष लढत

विंडन स्टेडियमच्या दाराआधी पोकेमॉन सेंटरमध्ये जा. बेशुद्धाला उठवणारं रिव्हाइव्ह आणि जखमीला पूर्ण बरं करणारं फुल रिस्टोर खरेदी करा आणि खेळ हाताने साठवा.

पहिला कोलॉसल उतरवा. समोर एजिस्लॅश येईल. तो ढाल धरून असतो तेव्हा फार चिवट असतो, पण वार करताना ढाल सोडून तलवार होतो आणि तेव्हा त्याचा बचाव अगदी लेचापेचा असतो. कोलॉसल त्याच्यापेक्षाही संथ आहे, आणि हा संथपणाच इथे कामाला येतो. एजिस्लॅश आधी वार करतो, ढाल खाली जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी कोलॉसलची पाळी येते. पहिल्या पाळीला स्टेल्थ रॉक, पुढच्या पाळ्यांना फ्लेमथ्रोअर. मध्येच त्याने किंग्ज शील्ड ही बचावाची मूव्ह लावली तर ती पाळी वाया जाते, पण फ्लेमथ्रोअर अंगाला न भिडता लागणारी मूव्ह असल्याने तुमची ताकद घटत नाही.

एजिस्लॅश पडला की गेम विचारतो: लिऑन आता अमुक पोकेमॉन पाठवणार आहे, तुम्हाला बदल करायचा आहे का? सेटिंगमध्ये काही बदललं नसेल तर हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. मुलं घाईत ‘नाही’ दाबतात. इथे थांबायचं, वहीतलं पान बघायचं. ड्रॅगापल्टचं नाव आलं तर ग्रिमस्नार्ल. हॅक्सोरस आला तरी ग्रिमस्नार्ल, तो थकला असेल तर आइस फँगवाला गॅराडोस. इंटेलिऑन आला तर तुमचा ग्रास किंवा इलेक्ट्रिक. सिंडरेस आला तर गॅराडोस, रिलाबूम आला तर कॉर्विनाइट. कोलॉसलला एजिस्लॅशनंतर मैदानात ठेवू नका, त्याला शेवटासाठी जपायचं आहे. मार जास्त बसला असेल तर मधल्या एखाद्या निवांत पाळीला फुल रिस्टोर द्या.

मग शेवटी चॅरिझार्ड येतो. दगड टोचून तो अर्धा झालेला असेल. आता कोलॉसल उतरवा आणि डायनामॅक्स करा. चॅरिझार्ड वेगवान आहे, पहिला वार त्याचाच होईल. तो सोसून मॅक्स रॉकफॉल मारा; महाकाय झाल्यावर रॉक मूव्हचंच हे रूप होतं. हीच मूव्ह मैदानात वाळूचं वादळही उठवते. त्या वादळाचा रॉक टाइपला त्रास होत नाही, उलट विशेष माऱ्यांपासून त्यांचा बचाव दीडपट होतो. बहुतेक वेळा एवढ्यावर सामना संपतो.

कोलॉसल आधीच पडला असेल तरी हिरमुसू नका. चॅरिझार्डचं मोठेपण तीनच पाळ्यांचं असतं. त्या पाळ्या त्याला वाया घालवायला लावा. तुमच्या डायनामॅक्स झालेल्याकडे मदतीची एखादी मूव्ह असेल तर तिचा मॅक्स गार्ड होतो, आणि तो वार पूर्ण अडवतो. प्रोटेक्ट ही बचावाची साधी मूव्ह लावलीत तरी मॅक्स मूव्हचा पाव हिस्साच आत येतो. एक पाळी अशी अडवा, एका पाळीला कोलॉसलला रिव्हाइव्ह द्या. तीन पाळ्या सरल्या की समोर उरतो तो नेहमीचा, अर्धा जखमी चॅरिझार्ड.

इटर्नेटसचं काय?

लिऑनच्या लढतीआधीच्या प्रसंगात इटर्नेटस नावाचा ६० लेव्हलचा पोकेमॉन तुम्हाला मिळतो. तो निसटत नाही, बॉलमध्ये येतोच. तो वापरणं नियमाबाहेर नाही, पण मी मुलांना तो पेटीत ठेवायला सांगते. ज्यांना खाणीतून आणि रानातून उचलून वाढवलं, त्यांनीच ही लढत लढावी असं मला वाटतं. शिवाय तो पॉयझन आणि ड्रॅगन आहे, त्यामुळे लिऑनच्या दोन ड्रॅगनांच्या ड्रॅगन मूव्ह त्याला दुप्पट लागतात.

हरलात तर

लढत पुन्हा खेळता येते. लगेच ‘परत’ म्हणून उडी मारू नका. कोणता पोकेमॉन कुणासमोर पडला, एवढं वहीत लिहा. दोघं-तिघं एकाच पोकेमॉनसमोर पडले असतील तर तेवढ्याचाच उपाय शोधा, एखादी मूव्ह बदला किंवा क्रम बदला. सगळेच लवकर पडले असतील तर लेव्हल कमी आहे, पुन्हा रेडकडे वळा. संपूर्ण संघ मोडून नवा उभारायची वेळ क्वचितच येते.

जिंकल्यावर रोझ टॉवरच्या जागी बॅटल टॉवर सुरू होतो आणि लिऑनच तो चालवतो. तिथे वरच्या श्रेणीत जाताना तो पुन्हा समोर येतो. पण टॉवरमध्ये सगळ्यांची लेव्हल ५० धरली जाते, त्यामुळे कँडीने मिळवलेली आघाडी तिथे चालत नाही. तेव्हा टाइपची ती वही फेकू नका, तिथल्या नव्या नावांसाठी पुढची पानं लागतील.